व्यायाम दर वेळी तिसऱ्या आठवड्यात सुटतो. आवडेल आणि टिकेल असा कसा बसवावा? सकाळी की संध्याकाळी?

या प्रश्नाला आपल्याकडे एकच उत्तर मिळतं: मनाचा निर्धार हवा. मला ते साफ अमान्य आहे. व्यायाम सुटतो तो बहुतेकदा चुकीचा बसवलेला असतो म्हणून, आणि दोष मात्र माणसाच्या आळसाला दिला जातो. मी फक्त सूर्यनमस्कारांबद्दल लिहितो. त्यातलं मला कळतं, आणि निर्धाराच्या नावाखाली सगळ्यात जास्त वाट त्यांचीच लागली आहे.

रथसप्तमीला १०८ चा संकल्प सुटतो. वर्षभर खुर्चीत बसलेला माणूस हुरुपाने उभा राहतो. तिसाव्या नमस्काराच्या आसपास दंड थरथरायला लागतात, पुढे अष्टांगासनात (गुडघे, छाती, हनुवटी टेकून कंबर वर ठेवायची स्थिती) पोट धपकन जमिनीवर पडतं आणि उरलेले सगळे नमस्कार कंबरेवर जातात. अंग आंबतं ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त. आठवडा त्यातच जातो, आणि 'मला नमस्कार झेपत नाहीत' हे कायमचं डोक्यात बसतं. व्यायामशाळेतल्या जुन्या मंडळींशी माझा यावरून वाद आहे. त्यांच्या मते १०८ ने माणसाला गोडी लागते. रोज नमस्कार घालणाऱ्याला तो उत्सव आहे, मान्य. नवख्याला मात्र तेवढ्याने व्यायामाची धास्ती बसते. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी नमस्कार संस्थानातल्या शाळांमध्ये नेले ते रोजची सवय म्हणून, वर्षातून एकदाचा पराक्रम म्हणून नव्हे.

पहिले दोन आठवडे रोज चारच घाला. चार म्हणजे दोन जोड्या: एकदा उजवा पाय मागे, एकदा डावा. विषम संख्येवर थांबलात तर एकाच बाजूला जास्त काम पडतं. संथ लयीत एका नमस्काराला साधारण अर्धा मिनिट लागतं, म्हणजे सगळं मिळून दोन मिनिटं. 'एवढ्याने काय होणार' असं वाटेल, वाटू द्या. पुढे आठवड्याला दोन वाढवा, पण शेवटचा नमस्कार पहिल्याइतकाच स्वच्छ पडत असेल तरच. बारावर पोचलात की संख्या वाढवणं थांबवा.

कारण गोडी संख्येत नाही, हालचाल जमण्यात आहे. उदाहरणार्थ, मागचा पाय पुन्हा दोन हातांच्या मध्ये आणणं. नवख्याचा पाय अर्ध्यावरच पडतो आणि मग तो फरफटत पुढे ओढला जातो. बहुतेक वेळा कारण एवढंच, की कंबर खाली राहिलेली असते. पर्वतासनातून (हात-पाय जमिनीवर, कंबर डोंगरासारखी वर) कंबर आणखी वर न्या, वजन हातांवर घ्या, श्वास सोडत गुडघा छातीकडे ओढा आणि मगच पाऊल टेका. तरी नाही आलं तर घोट्याला हाताने धरून पुढे घ्या, त्यात कमीपणा नाही. काही आठवड्यांनी पाऊल आवाज न करता जागेवर पडायला लागतं, आणि त्या दिवशी दुसऱ्या दिवसाची वाट बघावीशी वाटते. मोजणीतून हे सुख मिळत नाही.

हस्तपादासनात, म्हणजे उभ्याने वाकून तळहात पायांशी टेकताना, गुडघे ताठ ठेवायचा हट्ट सोडा. मांडीच्या मागचे स्नायू आखडलेले असले की ताण थेट कंबरेत जातो. गुडघे थोडे वाकवून तळहात टेका, पाय सरळ होतील तेव्हा होतील. अष्टांगासनात आधी गुडघे, मग छाती, मग हनुवटी असा क्रम ठेवा. कंबर वरच राहिली पाहिजे. भुजंगासनात, म्हणजे पालथ्याने छाती वर उचलताना, हात ताठ करून शरीर ढकलू नका. कोपरं अंगालगत, किंचित वाकलेली, आणि छाती पाठीच्या जोराने वर. कंबर दुखल्याची तक्रार बहुतेक वेळा इथलीच असते. मनगटं दुखत असतील तर बोटं पसरून वजन तळव्याच्या बोटांकडच्या भागावर आणा. सगळा भार मनगटाच्या टोकाशी पडतो म्हणून ती दुखतात. गुळगुळीत फरशीवर सतरंजी सरकते, तेव्हा रबरी चटई घ्या किंवा कोरड्या फरशीवर अनवाणी घाला. पायमोजे नकोत.

कंटाळा येतो कारण रोज तेच, त्याच वेगाने. म्हणून बारा जमू लागले की वारागणिक प्रकार बदला. एक दिवस प्रत्येक स्थितीत तीन श्वास थांबून फक्त चार. एक दिवस श्वासागणिक हालचाल करत बारा. एक दिवस मंत्रांवर: मित्र, रवी, सूर्य, भानू अशी बारा नावं म्हणत. या दिवशी आकडे मोजायचं काम उरत नाही. घरात लहान मूल असेल तर त्या दिवशी नावं म्हणायचं काम त्याला द्या.

खाडा झाला तर थकबाकी फेडायची नाही. काल राहिले म्हणून आज दुप्पट, इथेच चक्र तुटतं. प्रवास, पाहुणे, जागरण अशा दिवसांसाठी दोनच नमस्कारांचा दिवस आधीच ठरवून ठेवा. ओळीने दोन खाडे होऊ देऊ नका.

आता नमस्कारांना 'सर्वांगसुंदर व्यायाम' म्हणणाऱ्यांशीही स्पष्ट बोलतो. नमस्कारात हातांनी ढकलणं आहे, खेचणं अजिबात नाही. त्यासाठी खिडकीच्या पक्क्या गजाला रबरी पट्टा अडकवा आणि कोपरं मागे नेत बारा वेळा ओढा, दोन फेऱ्या, आठवड्यातून तीनदा. पायांना बैठका हव्यातच. गुडघे कुरकुरत असतील तर खुर्चीवर टेकून उठा, टाचा जमिनीवर ठेवून, आठ-दहाच्या दोन फेऱ्या. आणि चालणं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रम सांगते; रोजचे बारा संथ नमस्कार आठवड्याला जेमतेम ४२ मिनिटं होतात. चालताना बोलता येईल पण गाता येणार नाही, इतपत वेग पुरतो. नमस्कारांवर प्रेम आहे म्हणूनच सांगतो, त्यांच्यावर सगळा भार टाकू नका.

सकाळ की संध्याकाळ? आंघोळीच्या आधी, तुमची आंघोळ जेव्हा असेल तेव्हा. आंघोळ रोज होतेच, व्यायाम तिला बांधला की आठवण ठेवावी लागत नाही. पहाटे घालणार असाल तर अंथरुणातून उठून लगेच नको. मणक्यांमधल्या चकत्या रात्रभरात पाणी शोषून फुगलेल्या असतात आणि खोल वाकल्यावर ताण जास्त पडतो. अर्धा-पाऊण तास घरात वावरून, चहापाणी करून मग सुरू करा. जेवणानंतर मात्र तीन तास जाऊ द्या.

रक्तदाब आटोक्यात नसेल, काचबिंदू असेल, मणक्याची चकती सरकलेली असेल किंवा गरोदर असाल, तर वरचं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका; डोकं खाली जाणाऱ्या किंवा खोल वाकायच्या स्थिती त्रास देऊ शकतात. नमस्कार घालताना चक्कर आली तर झटकन उभं राहू नका. गुडघे टेकून खाली बसा, श्वास शांत होईपर्यंत थांबा, आणि त्या दिवशी तिथेच आवरतं घ्या.