टायरोसिनच्या जागी फिनिलॲलनिन घालून भागतं, मग बदललेली अमिनो आम्लं कशाला?

तुमचं म्हणणं असं की प्रथिनातलं टायरोसिन हे अमिनो आम्ल काढलं, त्याच्यासारखंच पण ओएच गट नसलेलं फिनिलॲलनिन बसवलं, एन्झाइम बंद पडलं, म्हणजे टायरोसिन लागतं हे सिद्ध झालं. लागतं, मान्य. पण कशाला लागतं? हा युक्तिवाद ऐकून माझे कान किटलेत.

ई. कोलाय जिवाणूचं रायबोन्यूक्लिओटाइड रिडक्टेज घ्या, म्हणजे डीएनएचे घटक बनवणारं, अल्फा आणि बीटा साखळ्यांचं एन्झाइम. बीटा साखळीतल्या १२२ व्या टायरोसिनवरचा रॅडिकल (जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन) जवळपास ३५ अँगस्ट्रॉम पार करून अल्फातल्या ४३९ व्या सिस्टीनपर्यंत जातो. वाटेत बीटातलं ३५६, मग अल्फातली ७३१ आणि ७३० ही टायरोसिनं. चारांपैकी कुठलंही फिनिलॲलनिन करा, क्रिया शून्य. चार प्रयोग, उत्तर एकच.

एमआयटीत जोॲन स्टब यांच्या गटाने ७३० वर ३-अमिनोटायरोसिन, म्हणजे अमिनो गट जोडून बदललेलं टायरोसिन, बसवलं. ते सुमारे ०.२ व्होल्टने सहज ऑक्सिडाइझ होतं, म्हणून रॅडिकल तिथे अडकतो आणि ईपीआरमध्ये (एकटे इलेक्ट्रॉन टिपणाऱ्या तंत्रात) चक्क दिसतो. पुढे १२२ वर ट्रायफ्लोरोटायरोसिन (तीन फ्लोरीनवालं) आणि सोबत ५२ व्या ग्लुटामेटचं ग्लुटामिन केल्यावर एरवी लगेच सुटणारी अल्फा-बीटा जोडी एवढी टिकली, की २०२० मध्ये तिची रचना क्रायो-ईएमने, म्हणजे गोठवलेला नमुना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहून, मिळाली. फिनिलॲलनिनने हे दाखवून द्या.

करायचंच असेल तर जनुकात त्या जागी टीएजी कोडॉन (एरवी साखळी थांबवणारा), बदललेलं अमिनो आम्ल तिथे बसवायला लागणारं सिंथेटेज एन्झाइम पुरवणारं पीइव्होल प्लाझमिड, माध्यमात १ मिलिमोलर ते अमिनो आम्ल. ते न घातलेला एक फ्लास्क शेजारी हवाच. त्यात पूर्ण लांबीचं प्रथिन आलं तर सिंथेटेज साधं टायरोसिनच बसवतंय. अमिनोटायरोसिन आल्कलीत ठेवलं की काळपट पडतं, ताजंच घ्या. खरी डोकेदुखी ३५६ ची. बीटा ३७५ अमिनो आम्लांची, त्यामुळे तिथे तुटलेला तुकडा जेलवर जवळपास सारखाच दिसतो आणि पूर्ण साखळीशी जोडी जमवून कॉलममधून सोबतच निघतो. साखळीच्या शेवटाला (सी-टोकाला) टॅग, म्हणजे शुद्धीकरणाची खूण, लावून तो गाळावा म्हटलं, तर बीटा नेमकी त्याच शेपटीने अल्फाला धरते. शेवटी ट्रिप्सिनने तोडलेल्या पेप्टाइडचं वस्तुमान बघा: अमिनोने १५, नायट्रोने ४५, दर फ्लोरीनमागे १८ डाल्टन वाढ.

हो, फिनिलॲलनिन आधी कराच, स्वस्त आहे. आणि अमिनोटायरोसिनचा सापळा रॅडिकल कुठे बसू शकतो एवढंच सांगतो, मूळ टायरोसिनवरून तो किती वेगाने जातो हे नाही. उरलेली दोन-चार टक्के क्रिया दिसली तर आधी पेशीच्या स्वतःच्या रिडक्टेजची भेसळ तपासा. अल्फाच्या सुरुवातीला (एन-टोकाला) हिस्टिडीन टॅग असेल तर ती बरीचशी धुऊन जाते.