'मी येतो' म्हटलं तर बिघडलं कुठं?

प्रश्न: मावशी, माझं माहेर वाळवा तालुक्यातलं, सासर सांगलीत विश्रामबागला. मी बी.एस्सी. आहे. माहेरच्या सवयीनं 'मी येतो, मी जेवलो' असं बोलते, 'ण'चा 'न' होतो. सासूबाई पाहुण्यांसमोर हसत हसत सुधारतात. परवा चार वर्षांची लेक 'मी जातो' म्हणाली, तर म्हणाल्या, "आईचं वळण नको लागायला." नवरा म्हणतो, थोडं बदललं तर काय होतंय? आता पाहुणे आले की चहा ठेवून मी आत जाऊन बसते. माझं चुकतंय का?

उत्तर: पोरी, पत्रात तू 'बोलते' लिहिलंयस, 'बोलतो' नाही. सगळे 'ण' जागच्या जागी आहेत. म्हणजे प्रमाण मराठी तुला येते, घरात बोलत नाहीस एवढंच. मग सासूबाई सुधारतायत काय? तुला बाजूला घेऊन सांगितलं असतं तर मी वेगळं लिहिलं असतं. चारचौघांत सांगणं म्हणजे सून कुठल्या घरातनं आली ते पाहुण्यांना कळवणं.

'मी येतो' म्हणणाऱ्या बायका सांगली-कोल्हापूरकडं गावोगाव आहेत. आणि 'मी येईन' म्हटल्यावर बोलणारी बाई की बुवा, हे प्रमाण मराठीत तरी कुठं कळतं? शेजारच्या कन्नडात तर 'मी'चं क्रियापद दोघांनाही एकच. पुण्याकडच्या शिकल्यासवरल्या लोकांची बोली 19व्या शतकात शाळेच्या पुस्तकांत नि व्याकरणांत गेली म्हणून ती 'शुद्ध' झाली. बाकीच्या उरल्या गावंढळ. सांगलीसारख्या नाट्यपंढरीत राहून हे बोलायला जरा धाडस लागतं, पण गावाकडची बोली गड्याच्या नि मोलकरणीच्या तोंडी घालून हशा पिकवायची सवय आपल्याला नाटक-सिनेमानंही लावली.

1940च्या दशकात तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार चालवणारे क्रांतिसिंह नाना पाटील तुझ्याच तालुक्यातल्या येडेमच्छिंद्रचे. गावच्या भाषेत बोलत आणि सभाच्या सभा हलवत. 1920 साली जन्मलेले अण्णाभाऊ साठे वाटेगावचे, तेही तुझ्याच तालुक्यातले. पुतळ्याला हार घालताना हीच बोली आपल्याला रांगडी, ठसकेबाज वाटते. सुनेच्या तोंडी आली की तिला वळण नसतं!

सासूबाईंची भीती मात्र अगदीच खोटी नाही. नात उद्या पुण्याला शिकायला गेली तर हसणारे भेटतील. पण त्यांनी स्वतः तिथं जाऊन 'काय करालाय?' विचारलं, तर त्यांनाही 'सांगलीकडच्या का?' असं ऐकायला मिळेलच. लेकीची काळजी नको करू. चार वर्षांचं पोर आजीशी एक बोलतं, आईशी दुसरं, आणि त्याचा घोटाळा होत नाही. तू आत जाऊन बसतेस, ते मात्र ती बघतेय.

आता नवरा. 'काय होतंय' म्हणणं त्याला सोपं आहे, त्याला कुणी सुधारत नाही. आईशी बोलणं हे त्याचं काम, तुझं नव्हे. घरात कुणी नसताना त्यानं एवढंच म्हणावं, "आई, लोकांपुढं नको, आणि पोरीपुढं तर नकोच." तो टाळत असेल तर पुढच्या वेळी तूच हसून म्हण, "आमच्याकडं असंच म्हणतात, आई," आणि पुढचं बोलणं चालू ठेव. खुलासे देत बसू नको. चहा दिलास की तिथंच खुर्ची ओढून बस.

राहिलं लिहिण्याचं. शाळेच्या वहीत 'आणि', 'पाणी', 'मी जाते' असंच लिहायचं, हे लेकीला तूच शिकव. ते काम सासूबाईंवर सोडू नको.