प्रकल्प २००० शब्दांचा, मजकूर १३०० शब्दांचा

प्रश्न : मी बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या गावच्या रापणीवर (समुद्रात सोडलेले मोठे जाळे किनाऱ्यावरून ओढून केल्या जाणाऱ्या सामूहिक मासेमारीवर) मी प्रकल्प लिहिला असून त्यासाठी २००० शब्द अपेक्षित आहेत; पण सगळे लिहून झाले तरी आकडा १३०० च्या पुढे सरकत नाही. प्रस्तावना वाढवली तर सर पाल्हाळ म्हणतात. नमुन्यादाखल एक पान सोबत पाठवत आहे. काय करावे?
(एक विद्यार्थिनी, मालवण तालुका)

उत्तर : सरांचे म्हणणे रास्त आहे. 'महाराष्ट्राला विस्तीर्ण सागरकिनारा लाभला आहे' अशी सुरुवात असलेले प्रकल्प त्यांनी ढिगाने वाचलेले असणार, तेव्हा प्रस्तावनेला तुम्ही हात लावू नये हेच उत्तम. विषयात किती खोल उतरायचे याचा अंदाज विद्यार्थ्याला यावा, म्हणून शब्दसंख्या सांगितलेली असते. २००० शब्दांत चार-पाच मुद्दे पुराव्यासह मांडता येतात, आणि ज्याअर्थी तुम्हाला ७०० शब्द कमी पडतात, त्याअर्थी काही प्रश्न विचारायचेच राहून गेले आहेत.

तुमच्या पानावर एक वाक्य आहे : 'रापणीत सर्व मच्छीमार एकत्र येऊन मासेमारी करतात व मिळालेले मासे वाटून घेतात.' उरलेला मजकूर याच वाक्यात दडला आहे. होडीतून जाळे अर्धवर्तुळात सोडत नेण्याचे काम कोणाकडे असते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून ओढायला किती माणसे लागतात, त्यांत बायका असतात का, होडी आणि जाळे ज्यांचे त्यांना निराळा वाटा मिळतो का, ऐनवेळी दोराला हात लावणाऱ्या वाटसरूच्या पिशवीत मूठभर पेडवे पडतात की नाही, आणि पर्ससीन नौका (माशांच्या थव्याभोवती जाळे टाकून ते तळाशी आवळणाऱ्या यांत्रिक नौका) आल्यापासून रापणीला मिळणाऱ्या बांगड्यात काय फरक पडला असे रापणकारांना वाटते, यांतले काहीच तुम्ही लिहिलेले नाही. गावातल्या एखाद्या जाणत्या रापणकाराशी तासभर बोललात, तर ७०० काय, त्याहून जास्त शब्द हाती लागतील. त्यांची एक-दोन मालवणी वाक्ये जशीच्या तशी अवतरणात घ्यावीत, तो पुरावाच असतो. मात्र मुलाखतच्या मुलाखत उतरवून काढू नये.

आता मोजणीविषयी. मोकळ्या जागेने तोडलेला प्रत्येक अक्षरसमूह संगणक एक शब्द धरतो. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये जोडून लिहायची असल्याने 'किनाऱ्यावरच्यांसाठी' एवढा ऐवज आकड्यात एकच भरतो, आणि तोच आशय इंग्रजीत लिहिला तर शब्दसंख्या सहज वाढते. त्यामुळे इंग्रजी माध्यमासाठी ठरवलेली मर्यादाच मराठी माध्यमालाही लावलेली असेल, तर ही अडचण सरांच्या कानावर घालायला काहीच हरकत नाही. काही विद्यार्थी मात्र 'किनाऱ्या वर', 'होडी तून' असे तोडून लिहितात. त्याने शब्द वाढतात आणि शुद्धलेखनाचे गुण जातात. (दोन्ही बाजूंना जागा सोडून टाकलेली नुसती रेघही वर्डमध्ये एक शब्द म्हणून मोजली जाते, पण असल्या कमाईवर भिस्त ठेवू नये.)

तळटीपा, संदर्भसूची आणि परिशिष्टातली प्रश्नावली मोजायची की नाही, हे लिहिण्यापूर्वीच विचारून घ्यावे, कारण प्रत्येक महाविद्यालयाची रीत वेगळी असते. वर्डमध्ये तळटीपा धरून किंवा वगळून, दोन्ही प्रकारे मोजणी करता येते. दहा टक्के कमी-जास्त बऱ्याच ठिकाणी चालवून घेतात, तरी तो सर्वत्र लागू असलेला नियम नव्हे. म्हणून १८०० वर थांबायचे असेल तर तेही आधी विचारलेले बरे.

प्रश्न : माझ्या मुलीने थिबा राजवाड्याच्या वास्तुरचनेवर प्रकल्प लिहिला आहे. मर्यादा २५०० शब्दांची आहे आणि मजकूर ३४०० शब्दांचा झाला आहे. कात्री कोठे लावावी?
(एक पालक, रत्नागिरी)

उत्तर : बहुधा इतिहासाच्या भागाला. १८८५ साली ब्रह्मदेशचे राज्य गेल्यावर इंग्रजांनी थिबा राजाला पुढे रत्नागिरीत आणून स्थानबद्ध केले, १९१० साली राजवाडा बांधून पूर्ण झाला आणि १९१६ साली राजाचे रत्नागिरीतच निधन झाले, एवढे सांगायला एक-दोन वाक्ये पुरतात. युद्धाची हकिकत, राजघराण्यातले तंटे आणि राजकन्यांची पुढील आयुष्ये हा सगळा भाग वाचनीय असला, तरी प्रकल्प वास्तुरचनेचा आहे. प्रत्येक परिच्छेद शीर्षकाशेजारी ठेवून पाहावा, आणि ज्याचा वास्तूशी संबंध सांगता येत नाही तो गाळावा. जिना, खिडक्या, छप्पर यांच्या वर्णनातले मात्र काही कापू नये. ही काटछाट तुम्ही करून देऊ नका, कारण तोंडी परीक्षेत काय वगळले आणि का, हे तिलाच विचारले जाईल.