फ्लेमिंगोंचा फ्लॉक की कॉलनी?

प्रश्न : शिवडीच्या खाडीवर मुलीने इंग्रजी निबंध लिहिला. फ्लेमिंगोंच्या थव्याला तिने 'हर्ड' म्हटले. शिकवणीच्या पुस्तकात मात्र 'फ्लॅम्बॉयन्स' दिले आहे. बरोबर काय? – एक पालक, परळ

उत्तर : दोन्ही नकोत, 'फ्लॉक' लिहा. पक्ष्यांना आणि मेंढ्यांना 'फ्लॉक'. गुरे, हत्ती, हरणे अशा चरणाऱ्या मोठ्या प्राण्यांना 'हर्ड'. बोरिवलीच्या नॅशनल पार्कातल्या चितळांचा कळप म्हणजे 'हर्ड'. शेळ्यांना दोन्ही चालतात.

'फ्लॅम्बॉयन्स' हा हौसेने घडवलेला शब्द आहे. पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींत साधा 'फ्लॉक'च असतो. ही हौस जुनी आहे. इंग्लंडात १४८६ साली छापलेल्या 'बुक ऑफ सेंट अल्बन्स' या पुस्तकात अशा शब्दांची लांबलचक यादी आहे. तिच्यातला सिंहांचा 'प्राइड' रोजच्या भाषेत रुजला, बरेचसे शब्द मात्र यादीतच राहिले. मुलांकडून अशा याद्या पाठ करून घेणे आम्हाला पटत नाही. त्याऐवजी प्राणी एकत्र येऊन काय करताहेत, ते त्यांना बघायला लावा, कारण इंग्रजी शब्द पुष्कळदा त्यावरच ठरतो.

फ्लेमिंगोच घ्या. मुंबईच्या चिखलात ते खायला येतात, तेव्हा 'फ्लॉक'. कच्छच्या रणात त्यांची मातीची घरटी एकमेकांना खेटून असतात, ती वस्ती 'कॉलनी'. मधमाश्यांचेही तसेच. पोळ्यात नांदतात ती 'कॉलनी'. राणीला घेऊन एक मोठा गट नव्या जागेच्या शोधात बाहेर पडला की तो 'स्वॉर्म'. कुत्रीची एका वेतातली पिल्ले 'लिटर', तीच मोठी होऊन गल्लीत एकत्र हिंडू लागली की 'पॅक'. कोंबडीच्या पिल्लांना मात्र 'लिटर' नाही, 'ब्रूड'. ती अंड्यांतून येतात.

माशांच्या बाबतीत फरक बारीक आहे. नुसते एकत्र असले तर 'शोल'; सगळे एकाच दिशेने, एका लयीत पोहू लागले की 'स्कूल'. जीवशास्त्राच्या उत्तरात हा भेद पाळा, बोलताना कोणताही वापरा.

प्रश्न : माणसांसाठी 'क्राउड', 'मॉब', 'गँग' यांपैकी कधी काय वापरायचे? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : दादरच्या पुलावर संध्याकाळी असते ती 'क्राउड', त्या शब्दात बरेवाईट काही नाही. 'मॉब' म्हटले की दंगा, तोडफोड, मारहाण डोळ्यांसमोर येते. म्हणून विसर्जनाच्या गर्दीला 'मॉब' लिहिणे अन्यायाचे आहे, बातमीत तर ते मुळीच येऊ नये. 'गँग' म्हणजे गुन्हेगारांची टोळी, पण रुळांची देखभाल करणाऱ्या कामगारांची तुकडीही 'गँग'च. रेल्वेतला 'गँगमन' त्यावरूनच आला. विमानावरचे, जहाजावरचे, चित्रीकरणावरचे लोक 'क्रू'. नाट्यगृहात बसलेले 'ऑडियन्स', वानखेडेवर सामना बघणारे 'स्पेक्टेटर्स'.

प्रश्न : या शब्दांपुढे 'इज' की 'आर'? – दहावीचा विद्यार्थी, मुलुंड

उत्तर : समूह एक मानला की 'इज' : 'द फ्लॉक ऑफ फ्लेमिंगोज इज फीडिंग'. इथे 'फ्लेमिंगोज' अनेकवचनी दिसतात म्हणून मुले 'आर' लिहून जातात, पण क्रियापद 'फ्लॉक'शी जुळवायचे असते. ब्रिटिश इंग्रजीत 'द टीम आर' चालते, अमेरिकन इंग्रजीत सहसा 'इज'च. परीक्षेत 'इज' लिहा आणि मग पुढच्या वाक्यात त्याच समूहाला 'दे' म्हणू नका, 'इट' म्हणा. 'कॅटल', 'पोलीस' आणि 'पीपल' यांना मात्र 'आर'च लागते. 'अ कॅटल' हे चूक. दोन कर्मचारी सांगायचे असतील तर 'टू स्टाफ्स' नव्हे, 'टू मेंबर्स ऑफ स्टाफ'.