बाप्तिस्मा कुठल्या मंडळीत, बाळंतपण कुणाकडे?

या अंकासाठी आलेल्या पत्रांत पहिलं बाळ येणाऱ्या जोडप्यांची पत्रं बरीच आहेत, त्यातली चार घेतलीयेत. नावं काढून टाकलीयेत आणि पत्रं थोडी कापलीयेत.

प्रश्न : ताई, जय ख्रिस्त. मला सातवा महिना चालू आहे, पहिलंच बाळ. आम्ही दोघं चिंचवडला भाड्याच्या वन बीएचकेमध्ये राहतो, हे कंपनीत शिफ्टला असतात, मी अकाउंट्सला आहे आणि अजून कामावर जाते. यांच्या घरचे सगळे नगरचे, आजोबांपासून सी.एन.आय. (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळीतले. माझे आईवडील जालन्याला एका स्वतंत्र मंडळीत जातात, तिथं बाळांचा बाप्तिस्मा नसतो, फक्त समर्पण करतात आणि मूल मोठं होऊन स्वतः विश्वास ठेवेल तेव्हा पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देतात. लग्न ठरताना हा विषय कुणी काढलाच नाही. आता सासूबाईंनी ट्रंकेतून पांढरं झबलं काढलंय, जे घालून यांचा आणि माझ्या दिराचा बाप्तिस्मा झाला होता, ते धुऊन इस्त्री करून फोटोपण पाठवला. तो फोटो बघून माझी आई म्हणाली बाळाच्या डोक्यावर पाणी शिंपडणार असाल तर मी येणार नाही. दोघींनाही बाळंतपण आपल्याकडेच हवंय. त्यात डोहाळजेवणावरून वेगळंच, सासूबाई हौसेनं करायचं म्हणतात आणि आमचे पास्टर म्हणतात ते जगाच्या चालीचं आहे. यांना विचारलं की म्हणतात बघू नंतर. रात्री कूस बदलली की बाळ हलतं, मला जाग येते आणि मग रडूच येतं. काय करू?

उत्तर : अगं बाळा, आधी तुझ्याबद्दल बोलू, बाप्तिस्म्याचं मागून बघू. सातव्या महिन्यात रात्रभर जागायचं, रडायचं आणि सकाळी बस धरून ऑफिस गाठायचं, हे असं चालणार नाही. तपासणीला जाशील तेव्हा झोप लागत नाही, सारखं रडू येतं हे डॉक्टरांना स्पष्ट सांग, त्यात लाजण्यासारखं काही नाही आणि त्यावर उपाय असतात. हिमोग्लोबिन किती आहे ते तू लिहिलं नाहीस. ११ च्या खाली असेल तर रक्त कमी आहे असं समज आणि लोहाच्या गोळीला खाडा करू नकोस, गोळी चहासोबत तर मुळीच घ्यायची नाही, मध्ये तास-दीड तास जाऊ दे आणि जेवणात लिंबू पिळत जा. ग्लुकोजचं पाणी पिऊन करतात ती शुगरची टेस्ट २४ ते २८ आठवड्यांत होते, राहिली असेल तर लगेच करून घे. तुझा रक्तगट निगेटिव्ह आणि यांचा पॉझिटिव्ह असेल तर २८ व्या आठवड्याच्या सुमाराला एक इंजेक्शन असतं, त्याचंही विचारून ठेव.

आता बाळंतपण कुठं. पहिलं बाळंतपण माहेरी ही आपली जुनी रीत, आणि ती चांगली आहे कारण आईसमोर पोरगी मोकळेपणानं झोपते, खाते, कण्हते. पण खरी गरज तुला आईची आहे, जालन्याची नाही, आई चिंचवडलाही येऊ शकते. जालना म्हणजे पाच-सहा तासांचा रस्ता, जायचंच असेल तर आठवा महिना उलटायच्या आत जा आणि तेही डॉक्टरांना विचारून, बीपी वाढलेलं असेल किंवा वार खाली असेल तर प्रवासाचं नाव काढायचं नाही. जाताना सगळे रिपोर्ट, सोनोग्राफी, फाइल बरोबर घे आणि पोचल्या पोचल्या तिथल्या हॉस्पिटलात नाव घाल. कळा सुरू झाल्यावर पहिल्यांदा दारात उभी राहिलेली बाई आणि जिची सगळी फाइल तिथं आहे अशी बाई, यांना सांभाळण्यात किती फरक पडतो ते मी मिशन हॉस्पिटलच्या लेबर रूममध्ये आयुष्य काढलंय म्हणून सांगते. रजेचं म्हणशील तर पहिल्या बाळाला कायद्यानं २६ आठवडे भरपगारी रजा आहे, त्यातले ८ आठवडे तारखेच्या आधी घेता येतात, फक्त आधीच्या १२ महिन्यांत त्या नोकरीवर ८० दिवस भरलेले हवेत. एचआरला लेखी अर्ज दे, तोंडी नको.

आता हे पुढचं तुझ्या यजमानांना वाचायला दे.

दादा, तुम्ही बघू नंतर म्हणता आणि शिफ्टला जाता, घरी राहते ती एकटी, दोन्हीकडचे फोन तिलाच घ्यावे लागतात. तुमच्या आईशी तुम्ही बोलायचं आणि तिच्या आईशी ती बोलेल, ही वाटणी आजच करून टाका. सुनेच्या तोंडून आलेलं ‘नाही’ आणि मुलाच्या तोंडून आलेलं ‘नाही’, घराला या दोन्ही गोष्टी सारख्या लागत नाहीत हे तुम्हालाही ठाऊक आहे. आधी तुम्ही दोघं एका संध्याकाळी फोन बाजूला ठेवून बसा, प्रार्थना करा आणि एकमेकांना विचारा की आपल्याला दोघांना काय हवंय. आत्तापर्यंत सासूबाईंना काय हवं, आईला काय हवं, पास्टरांना काय हवं एवढंच पत्रात आलंय, तुम्हा दोघांना काय हवं ते कुठंच नाही.

ठरवायच्या आधी एक माहिती घ्या, ती आपल्याच मंडळीच्या बऱ्याच लोकांना नसते. सी.एन.आय. झाली २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला, सहा मंडळ्या एकत्र येऊन. त्यात अँग्लिकन, मेथडिस्ट होते तसेच बाप्टिस्ट आणि ब्रदरनपण होते, त्यांच्याकडे बाळांचा बाप्तिस्मा नसतो. म्हणून एकत्र येतानाच दोन्ही पद्धती मान्य केल्या, बाळपणी बाप्तिस्मा घेऊन पुढं कळत्या वयात दृढीकरण (आपला विश्वास स्वतः कबूल करायचा विधी), किंवा बाळासाठी उपकारस्तुती आणि समर्पणाची प्रार्थना करून मोठेपणी स्वतःच्या विश्वासावर बाप्तिस्मा. म्हणजे जे तुमच्या सासूरवाडीला हवंय त्यालाही तुमच्याच मंडळीत जागा आहे, आजोबांची मंडळी कुणी सोडायची गरज नाही. पाळकसाहेबांना दोघांनी मिळून भेटा आणि सरळ विचारा. मात्र एक लक्षात ठेवा, एकदा बाप्तिस्मा दिला की सी.एन.आय. तो पुन्हा देत नाही, त्यामुळे आत्ता आईच्या समाधानासाठी एक करू आणि पुढं जालन्यासाठी दुसरं करू असा विचार मनात असेल तर तो काढून टाका. दोन्हीकडं पवित्र शास्त्राचा आधार आहे, कुणी फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याचं उदाहरण देतं ज्यानं घरच्या सगळ्यांसकट बाप्तिस्मा घेतला, कुणी हन्नाचं देतं जिनं शमुवेलाला देवाला वाहिलं. मी स्वतः बाळपणी बाप्तिस्मा झालेली, माझ्या मुलांनाही तसाच दिला, पण म्हणून तुमच्या सासूबाई चुकीच्या आहेत असं मी म्हणणार नाही. आणि यातलं काहीच बाळंतपणाच्या दुसऱ्या दिवशी करायचं नसतं. बाळ तीन महिन्यांचं झालं, टाके भरले, दूध नीट यायला लागलं की मग तारीख काढा.

बाळा, आता पुन्हा तुझ्याशी बोलते. डोहाळजेवणाबद्दल माझं मत पक्कं आहे, करा. पोटुशी बाईला आवडीचं खाऊ घालायचं, चार बायका बोलवायच्या, पेटी-तबल्यावर भजनं म्हणायची आणि तिच्यासाठी प्रार्थना करायची, यात मला तरी काही वावगं दिसत नाही. पास्टरांना ओटी-नारळ खटकत असेल तर तेवढं वगळा. येशूची आई मरीया, तिला दिवस गेल्यावर ती डोंगराळ भागातल्या अलीशिबेकडे गेली आणि तीनेक महिने राहिली, दोघीही पोटुशा, एकमेकींना बघून आनंदल्या, आणि लूकनं ते सगळं शुभवर्तमानात लिहून ठेवलंय. तुझ्या आईला या कार्यक्रमाला आवर्जून बोलव, आणि तो फोन सासूबाईंनी करावा. झबल्याची भांडणं व्हायच्या आधी दोघी विहीणबाई एकदा एका पंगतीला बसू देत.

प्रश्न : आम्ही वसईचे कॅथलिक. मिसेसना नववा लागलाय. बाप्तिस्म्याला माझा जिगरी दोस्त गॉडफादर व्हावा अशी फार इच्छा आहे, पण तो हिंदू आहे. माझा एक मामेभाऊ दुसऱ्या प्रोटेस्टंट चर्चमध्ये जातो, तो चालेल का? आणि घरच्या बायका सांगतात बाळाला आधी मध चाटवायचा, डॉक्टर नको म्हणतात, कुणाचं ऐकू?

उत्तर : मधाचं आधी सांगते, डॉक्टरांचं ऐका. वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचाच नाही, त्यातल्या जंतूंनी क्वचित पण फार वाईट आजार होतो. गुटी नको, साखरपाणी नको, पहिल्या तासाभरात आईचं दूध आणि पुढं सहा महिने फक्त तेच, उन्हाळ्यातसुद्धा वरचं पाणी लागत नाही. पहिलं पिवळट चिकाचं दूध काही घरांत पिळून टाकतात, ते टाकू देऊ नका. आजीला मध चाटवायचा असतो तो प्रेमापोटीच, तिच्या हातात बाळ द्या, अंग पुसायला द्या, झोपवायला द्या.

गॉडफादरबद्दल. मी कॅथलिक नाही, पण आमच्या वॉर्डात फादर नेहमी यायचे आणि तुमचे नियम मला माहीत आहेत. धर्मपिता किंवा धर्ममाता कॅथलिक असावी लागते, दृढीकरण झालेलं, वय निदान १६ पूर्ण, आणि बाळाचे आईबाप स्वतः ते होऊ शकत नाहीत. दोघं पाहिजेतच असं नाही, एकही पुरतो. मामेभावाचा बाप्तिस्मा झालेला आहे, तेव्हा तो एका कॅथलिक धर्मपित्यासोबत किंवा धर्ममातेसोबत साक्षीदार म्हणून उभा राहू शकतो. तुमच्या दोस्ताला मात्र ती जागा चर्चमध्ये मिळणार नाही. पण त्याला पहिल्या बाकावर बसवा, जेवणाला शेजारी बसवा आणि तुमच्या मनातलं त्याला बोलून दाखवा, दोस्तच आहे तो, समजेल. पॅरिशमध्ये बाप्तिस्म्याआधी आईबापांची तयारी घेतात, ती मिसेस बाळंत व्हायच्या आधीच उरकून घ्या, नंतर रात्रीची जागरणं सुरू झाली की दोघांनाही वेळ सापडत नाही.

अजून एक, हे सांगू की नको असं वाटलं पण सांगते. बाळाच्या जिवाला धोका असेल तर तुमच्या चर्चच्या नियमानं बाप्तिस्मा कुणीही देऊ शकतं, फादर येईपर्यंत थांबावं लागत नाही, पाणी ओतायचं आणि पिता, पुत्र व पवित्र आत्म्याच्या नावानं म्हणायचं. काचेच्या पेटीतल्या बाळाजवळ, बाप जिन्यात फोनवर फादरला शोधत असताना, आमच्या कॅथलिक सिस्टरनं हे केलेलं मी पाहिलंय, आणि नंतर त्या बापाच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं तेही पाहिलंय. तुमच्यावर ती वेळ येऊ नये, पण माहीत असू द्या.

प्रश्न : आमच्या मंडळीत २१ दिवसांची उपवास प्रार्थना आहे. मी पाच महिन्यांची गरोदर आहे. सगळ्या बहिणी धरतात, मी नाही धरला तर विश्वास कमी वाटेल का?

उत्तर : नाही धरायचा. सकाळपासून संध्याकाळपर्यंत उपाशी राहिलीस की चक्कर, ॲसिडिटी, पाणी कमी पडणं, आणि बाळाचं खाणं तुझ्या खाण्यातूनच जातं. कॅथलिक मंडळीत तर राखेच्या बुधवारी आणि शुभ शुक्रवारीसुद्धा गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला उपास माफ आहे. तू प्रार्थनेला जा, डबा घेऊन जा, मध्येच भूक लागली तर उठून खा. कुणी बोललंच तर पाळकांच्या पत्नीला जाऊन सांग, बहुतेक ठिकाणी त्याच सगळ्यांना गप्प करतात. उपासाऐवजी टीव्ही, मोबाइल सोड हवं तर.

प्रश्न : आमच्या वडिलांची शाळेतली जन्मतारीख बाप्तिस्म्याच्या रजिस्टरवरून लावली होती. आता बाळाचा बाप्तिस्मा उशिरा करणार आहोत, तर कागदपत्रांना अडचण येईल का? नावही अजून नक्की नाही, बायबलमधलं ठेवायचं की मराठी यावर चर्चा चालू आहे. पहिल्या बाळाला सरकारी पैसे मिळतात म्हणे, ते काय आहे?

उत्तर : बाप्तिस्मा आणि जन्मदाखला यांचा आता काही संबंध नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळा, पासपोर्ट, सगळीकडे जन्मतारखेसाठी जन्मदाखलाच धरतात. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी, हॉस्पिटलमध्ये डिलिव्हरी झाली तर नोंद हॉस्पिटलच पाठवतं, तुम्ही फक्त फॉर्मवरचं आईबापांच्या नावांचं स्पेलिंग आधार कार्डाशी जुळवून बघा, तिथली चूक पुढं फार पळापळ करायला लावते. नाव ठरलं नसेल तर नावाशिवाय नोंद होते आणि वर्षाच्या आत नाव फुकट घालता येतं, तेव्हा एस्तेर की मधुरा यावर निवांत चर्चा करा, घाईत रजिस्टरला एक आणि बाप्तिस्म्याला दुसरं असं मात्र करू नका. पैशांची योजना म्हणजे प्रधानमंत्री मातृवंदना योजना, पहिल्या बाळाला ५००० रुपये, दोन हप्त्यांत, आईच्या स्वतःच्या बँक खात्यावर. उत्पन्नाच्या वगैरे अटी आहेत, सरकारी नोकरीत असाल तर मिळत नाही. तुमच्या भागातल्या आशाताईंना किंवा अंगणवाडीत विचारा, फॉर्म त्याच भरून घेतात, आणि त्यासाठी गरोदरपणाची नोंद लवकर झालेली लागते म्हणून मिसेसचं माता-बाल संरक्षण कार्ड अजून काढलं नसेल तर बाळाची वाट न बघता याच आठवड्यात काढा. जाताना आधार आणि पासबुक दोन्ही घेऊन जा, खातं आधारला जोडलेलं आहे ना तेही बँकेत विचारून घ्या.