म्यून्झेनबर्ग मॉस्कोला का गेला नाही?

प्रश्न : १९२७ साली ब्रुसेल्सला साम्राज्यवादविरोधी परिषद भरली, तिला नेहरू गेले होते. ती भरवणारा विली म्यून्झेनबर्ग हा जर्मन कम्युनिस्ट पत्रकार होता, असं वाचलं. हिटलर आल्यावर त्याचं काय झालं? आणि त्याने स्टालिनची साथ का सोडली?
— एक वाचक, सांगली

उत्तर : म्यून्झेनबर्ग म्हटलं की लोकांना आठवतो तो पट्टीचा प्रचारक. मला तो सर्वांत मोठा वाटतो त्याच्या शेवटच्या चार वर्षांत, म्हणून तुमचा दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटला.

एर्फुर्टच्या बुटांच्या कारखान्यात राबलेल्या या पोराने पुढे बर्लिनमध्ये कामगारांसाठी दैनिकं आणि सचित्र साप्ताहिक उभं केलं. जॉन हार्टफिल्ड या चित्रकाराची हिटलरविरोधी फोटो-चित्रं त्याच साप्ताहिकात येत. फेब्रुवारी १९३३ मध्ये राइशस्टागला, म्हणजे जर्मन संसदेच्या इमारतीला, आग लागली, तेव्हा तो फ्रँकफुर्टच्या बाजूला प्रचारसभेला गेला होता. आगीचं खापर कम्युनिस्टांवर फोडून धरपकड सुरू झाली, म्हणून तो घरी परतलाच नाही. राष्ट्रसंघाच्या ताब्यातल्या सार प्रदेशातून त्याने पॅरिस गाठलं.

तिथून ऑगस्टमध्ये नाझी अत्याचारांवरचं ‘तपकिरी पुस्तक’ निघालं. ग्योटे आणि शिलरच्या नाटक-काव्यांची मुखपृष्ठं चढवून त्याच्या छोट्या प्रती जर्मनीत चोरून पोचवल्या गेल्या. त्यातलं सगळंच खरं नव्हतं, हेही सांगायला हवं. आगीबद्दल पकडलेल्या व्हान डेर लुबे या डच तरुणाला त्यात नाझींचं बाहुलं ठरवलं, हा त्याच्यावर उघड अन्याय होता. पण छळछावण्यांची हकिगत इतक्या लवकर जगापुढे आली ती या पुस्तकामुळे.

आता स्टालिनबद्दल. तो तेव्हा आपल्याच पक्षातल्या लोकांना पकडून मारत सुटला होता. १९३६ च्या शरद ऋतूत म्यून्झेनबर्ग मॉस्कोला जाऊन कसाबसा परतला. नंतर बोलावणी येत राहिली, तो गेला नाही. त्याची सहचरी बाबेट ग्रोस हिच्या बहिणीचा जोडीदार हाइन्झ नॉयमान, हाही कम्युनिस्ट पत्रकार, मॉस्कोत आश्रयाला होता. १९३७ मध्ये त्याला तिथेच गोळी घातली. ती बहीण, मार्गारेटे, सोव्हिएत कैदेत गेली आणि १९४० मध्ये सोव्हिएत पोलिसांनी तिला थेट गेस्टापोच्या, म्हणजे हिटलरच्या गुप्त पोलिसांच्या, हाती दिलं!

पक्षाने म्यून्झेनबर्गला काढून टाकलं. हिटलर-स्टालिन यांचा एकमेकांवर हल्ला न करण्याचा करार झाल्यावर सप्टेंबर १९३९ मध्ये त्याने आपल्या ‘झुकुन्फ्ट’ या पॅरिसच्या साप्ताहिकात लिहिलं की, स्टालिन, गद्दार तू आहेस. पाठीशी ना पक्ष ना देश, आणि युद्ध सुरू झालेलं! अशा वेळी हे लिहायला काय छाती लागली असेल.

पुढच्या वर्षी फ्रेंच सरकारने इतर जर्मनांबरोबर त्यालाही छावणीत डांबलं. जूनमध्ये जर्मन फौजा जवळ आल्या तशी छावणी रिकामी केली गेली आणि तो काही सोबत्यांबरोबर निघाला. ऑक्टोबरमध्ये सँ-मार्सेलँजवळच्या रानात त्याचा मृतदेह सापडला. स्टालिनच्या हेरांनी मारलं, असं अनेकजण ठामपणे लिहितात. आत्महत्या म्हणणारेही तितकेच ठाम असतात. माझ्या मते दोन्ही बाजूंचा पुरावा तोकडा आहे. असा निकाल देणारा लेख हाती आला, तर तो कशाच्या आधारावर दिलाय, ते आधी तपासा.