100 वॉटच्या ॲम्पला ऑप्टिकल लिमिटर (सिग्नल ठरावीक पातळीवर गेला की उजेडाच्या मदतीने तो दाबणारं सर्किट) लावला तर आवाज फाटणं थांबेल का? स्पीकर वाचेल का?

आवाज पॉवर ॲम्पमध्येच फाटत असेल तर थांबेल. तो आधीच्या मिक्सरमध्ये किंवा प्रीॲम्पमध्ये फाटत असेल तर लिमिटरचा काही उपयोग नाही, कारण एकदा शेंडे कापले गेलेला सिग्नल नंतर कितीही खाली आणला तरी फाटकाच राहतो. पॉवर ॲम्पचा व्हॉल्यूम अगदी कमी करून ऐका. तरीही फाटत असेल तर दोष मागे आहे, तो आधी काढा.

मी असे लिमिटर स्वतः जोडून वापरले आहेत आणि मला ते मनापासून आवडतात. एलईडी आणि एलडीआर (उजेड पडला की ज्याचा रोध कमी होतो असा रेझिस्टर) समोरासमोर बसवायचे. एलडीआर पॉवर ॲम्पच्या इनपुटवर, 10 किलोओहमच्या रेझिस्टरनंतर ग्राउंडकडे जोडायचा. अंधारात त्याचा रोध मेगाओहममध्ये असतो, म्हणून सिग्नलला तो जाणवतही नाही. उजेड पडून रोध 10 किलोओहमवर आला की सिग्नल निम्मा होतो, म्हणजे 6 डेसिबलने खाली. एलडीआर हा शेवटी साधा रोधच असल्यामुळे त्याच्यावरचा सिग्नल लहान असेल तर तो स्वतःची विकृती फारशी घालत नाही.

एलईडीला वीज मात्र ॲम्पच्या आउटपुटवरून द्या. 8 ओहमवर 100 वॉट म्हणजे शिखराला 40 व्होल्ट. ब्रिज रेक्टिफायर (उलटसुलट वाहणारी वीज एकाच दिशेला वळवणारा), 33 व्होल्टचा झेनर (ठरावीक व्होल्टेजनंतरच वीज सोडणारा डायोड) आणि 330 ओहमचा रेझिस्टर एलईडीच्या मालिकेत घातला, तर सुमारे 36 व्होल्टपासून एलईडी उजळू लागतो. आउटपुट वाढलं की एलईडी उजळतो, तो उजळला की इनपुट दबतं. ही साखळी क्लिपिंगच्या, म्हणजे शेंडे कापले जाण्याच्या, जरा अलीकडे स्वतःच सावरते. दोन बाजूंमध्ये फक्त प्रकाशाचा संबंध असल्यामुळे, ज्याचं एकही आउटपुट टोक ग्राउंडला नाही अशा ब्रिज्ड ॲम्पलाही हे बिनधास्त चालतं.

मर्यादा एकच, पण मोठी: हा प्रकार मंद आहे. टेलेट्रॉनिक्सच्या एलए-2ए या जुन्या ऑप्टिकल लिमिटरमध्ये सिग्नल दाबायला सरासरी 10 मिलिसेकंद लागतात. सोडताना अर्धी दाब साधारण 60 मिलिसेकंदांत सुटते, उरलेली अर्ध्या सेकंदापासून 5 सेकंदांपर्यंत रेंगाळते. गायन आणि बेस गिटार त्यामुळेच इतके सहज ऐकू येतात. पण ड्रमचा पहिला ठोका एलडीआर जागा होण्याआधीच निघून गेलेला असतो. त्यासाठी क्लिपिंगच्या आधी आणखी थोडी जागा सोडावी लागते, म्हणजे झेनर 27 किंवा 30 व्होल्टचा घ्या.

स्पीकरचं म्हणाल तर, चौकोनी झालेल्या लाटेत त्याच शिखराच्या साइन लाटेपेक्षा दुप्पट पॉवर असते. क्लिपिंग थांबलं की स्पीकरच्या कॉइलवरचा तो जादा भार जातो. पण स्पीकर 50 वॉटचा असेल तर झेनर स्पीकरकडे बघून निवडा, ॲम्पकडे बघून नाही. तिथे शिखर 28 व्होल्टच आहे. लिमिटर सतत दाबत राहील इतकं जोरात वाजवलं तर सरासरी पॉवर उलट वाढते आणि कॉइल तापतेच. खोल बेसने कोन बाहेर फेकला जात असेल तर तो लिमिटरचा प्रश्न नाही, हाय-पास (खोल बेस अडवणाऱ्या) फिल्टरचा आहे.

आणि एलईडी-एलडीआरची जोडी काळ्या श्रिंक ट्यूबमध्ये (गरम केल्यावर आवळणाऱ्या नळीत), दोन्ही टोकं बुजवून बसवा. खोलीतल्या दिव्याचा उजेड आत शिरला की आवाज विनाकारण दबतो आणि दिव्याच्या लुकलुकीची घरघर सिग्नलमध्ये उतरते.